घाटावर कबूल केलेली इटली

सुदर्शनच्या दशक्रियेला पेठचं अर्धं गाव घाटावर उन्हात ताटकळत होतं आणि कावळा काही येत नव्हता.

आपल्या आंबेगाव-जुन्नरकडची दशक्रिया बाहेरच्या माणसाला सांगून पटायची नाही. मांडव, माईक, खुर्च्या, महाराजांचं प्रवचन, आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. मेलेल्याचं नाव शेजारच्याला विचारून घेतात आणि माईक हातात आला की "माझा जिवाभावाचा सहकारी" म्हणून गळा काढतात. सुदर्शनच्या वाट्यालाही हे सगळं यथासांग आलं. त्याची रोपांची नर्सरी होती. आजूबाजूच्या गावांतला टोमॅटो आणि कोबी त्याच्याच रोपांवर उभा राहायचा, त्यामुळे माणूसही तसंच लोटलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्यानं. सकाळी शेडनेटमध्ये रोपांना पाणी मारता मारता दम लागला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याची बायको वृषाली गावच्या हायस्कूलात चित्रकला शिकवायची. ती बायकांच्या बाजूला सासूशेजारी बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींना सांगत होत्या, "धीराची आहे बाई." धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. जे चाललंय ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं आहे आणि आपण नुसत्या हजेरी लावायला आलोय, असं तिला वाटत होतं. तेही नीट वाटत नव्हतं.

पिंड मांडून झाले होते. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली उतरत नव्हते. असं झालं की मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करायची असते. धाकटा भाऊ संपत हात जोडून पुढं झाला.

"दादा, अक्षदाचं शिक्षाण मी पुरं करीन."

अक्षदा म्हणजे सुदर्शनची एकुलती एक पोरगी, पुण्याला नर्सिंगला होती. कावळे ढिम्म.

"दादा, नर्सरी बंद पडू देनार न्हाई. आईला अंतर देनार न्हाई."

एका कावळ्यानं मान वाकडी केली, पंख खाजवले आणि पुन्हा गप. ऊन चढत होतं. मागं खुर्च्यांवर लोकांची चुळबुळ सुरू झाली, कारण जेवणाच्या पंगती कावळ्यावर अडल्या होत्या. संपत बायकांच्या बाजूला येऊन आईला पाणी देऊन गेला, पुन्हा पिंडापुढं उभा राहिला आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "दादा, तुझी इटली ऱ्हायली. तुझ्या वाटची वैनीला दाखवून आणू. ह्या समद्या गावादेखत सांगतो!"

आणि कावळा आला. एक आला, मागोमाग तीन आले, आणि पिंडाचा फडशा पडला. सगळ्या घाटानं हुश्श केलं. "बघा, जीव कशात अडकला व्हता माणसाचा," असं म्हणत लोकांनी टॉवेल झटकले आणि पंगतीला पळाले.

त्या गर्दीत खरं काय ते वृषालीला माहीत होतं. सुदर्शनला इटली नको होती. नकाशात इटली दाखव म्हटलं असतं तर त्यानं खुशाल श्रीलंकेवर बोट ठेवलं असतं. इटली तिला हवी होती.

पुण्यात आर्ट टीचरच्या कोर्सला असताना सरांनी अंधाऱ्या वर्गात पडद्यावर फोटो दाखवले होते. फ्लोरेन्स नावाच्या शहरात एका संग्रहालयात दगडातून अर्धवट बाहेर आलेली माणसं आहेत. कुणाचा गुडघा सुटलाय, कुणाची छाती, डोकं मात्र अजून दगडातच. मूर्तिकारानं ते काम तसंच सोडलं. बाकीच्या मुली पुढच्या फोटोकडं वळल्या, वृषाली तिथंच अडकली. ते आपण जवळ उभं राहून बघायचं, छिन्नीच्या खुणा बघायच्या, एवढंच तिच्या मनात बसलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं जुन्नरची लेणी बघायला गेली, तेव्हा एका अर्ध्याच खोदलेल्या खोलीत उभं राहून तिनं ते सुदर्शनला सांगितलं. तो घाम पुसत म्हणाला, "जाऊ की. टोमॅटोला भाव आला का जाऊ."

टोमॅटोला भाव अधूनमधून आलाही. एकदा पिकअप आली, एकदा बोअर झाला, एकदा अक्षदाची अ‍ॅडमिशन झाली. वृषालीनं कधी तोंड वाकडं केलं नाही, कारण त्या सगळ्याची गरज होतीच. सुदर्शन मात्र आल्यागेल्यापुढं हौसेनं सांगायचा, "आमच्या घरात इटलीचं चाललंय बरं का पावणं!" पाहुणे हसायचे. असं वर्षानुवर्षं तोच बोलत राहिला, तेव्हा ती हौस त्याचीच असणार, असं गावानं धरून टाकलं.

घाटावरून घरी येताना तिच्या मनात आलं, नवरा गेला तो गेला, आपल्या मनातली एक गोष्ट होती तीही त्याच्या नावावर चढली. याचा राग यायला पाहिजे होता. ती वाट बघत राहिली, पण राग आला नाही. घरी जाऊन तिनं पाय धुतले आणि कुणीतरी दिलेला चहा प्यायली. त्यात साखर होती की नव्हती, हे तिला सांगता आलं नसतं.

पुढचे महिने तसेच गेले. ती शाळेत जायची, फळ्यावर माठ काढायची, माठाला उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते ते सांगायची. घरी आलं की सासूबाई, म्हणजे साळुबाई, ताट वाढून बसलेल्या असायच्या. ती जेवायची. कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "चालेल." नर्सरीत कामाला आणखी एक बाई ठेवू का, चालेल. सुदर्शनचे कपडे देऊन टाकू का, चालेल. अक्षदा फोनवर रडायची, "आई, तू कशी एवढी शांत?" तर ही म्हणायची, "अगं, मी बरी आहे." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

एक काम मात्र ती मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये बसून करायची. कमी पैशात फ्लोरेन्स कसं बघता येईल, ते मोबाईलवर शोधत बसायची. हा नाद जुनाच होता. पूर्वी असं बघताना समोरचा चहा निवून जायचा, आता ती भाजी निवडावी तसं करत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिकडं थंडी सुरू झालेली असते, गर्दी ओसरते आणि राहायचं स्वस्त होतं. नदीपलीकडं ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ आहे, तिथं पाहुण्यांना खोल्या देतात, रात्री लवकर दार लावतात, पण बाईमाणसाला ते बरंच. आखाती देशातून विमान बदलून रोमला उतरायचं आणि पुढं आगगाडी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालयं फुकट असतात, तेवढा रविवार साधायचा. शहर लहान आहे, सगळीकडं पायी फिरता येतं. सकाळी मंडईतून पाव आणि फळं घ्यायची, बरोबर शेंगदाण्याची चटणी न्यायची. आठ दिवस, एकच शहर. बेत असा पक्का झाला होता की उद्या निघता आलं असतं. पण तो कुणाला सांगायचा आणि कशासाठी, हे तिला कळत नव्हतं. जाऊन तरी काय वाटणार होतं?

इकडं संपतनं आपल्या बाजूनं कंबर कसली होती. संपत माणूस वाईट नाही. भावाच्या माघारी नर्सरी त्यानंच तोलून धरली होती. पण त्याला कुठलीही गोष्ट साधी म्हणून करता येत नाही. घरात पाण्याचा फिल्टर बसवला तरी चार माणसं बोलावून नारळ फोडतो. गावादेखत दिलेला शब्द वर्षश्राद्धाच्या आत पुरा करायचा, यावर तो अडून बसला होता. शिवाय यंदा घरात दिवाळी करायची नव्हती, मग त्या सुट्टीत जाऊन येऊ, असं त्यानंही ठरवलं. आणि तिकिटाचा पत्ता नसताना त्यानं पेठच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. "कै. सुदर्शनदादांची अंतिम इच्छा! इटली दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!" वर सुदर्शन हसतोय, खाली विमान, आणि कडेला शुभेच्छुकांची फोटोसकट रांग. वृषाली रोज शाळेला त्याच्याखालून जायची आणि तिच्या मनात काही यायचं नाही.

त्यानंतर एका रविवारी सकाळी संपत समर्थला घेऊन आला. समर्थ मंचरचा, टूरवाला. काशी, केदारनाथ करत करत दुबईपर्यंत पोचलेला आणि आता युरोपला हात घालायला निघालेला पोरगा. बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. ओसरीवर बसून त्यानं रंगीत कागद पसरले. साळुबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"मॅडम, एका दौऱ्यात पाच देश! पॅरिस, स्विस, बर्फ, मग इटलीत व्हेनिस, पिसाचा कलता मनोरा, रोम. जेवण सगळं आपलं. वरणभात, पापड, सकाळी पोहे."

"आणि लई स्वस्तात," संपत म्हणाला. "मी, आमची ही, उपसरपंच आन त्यांची मंडळी. ग्रुप झाला का तुमची सीट निम्म्यात बसती वैनी. दादाच्या नावानं आमीबी देश बघून येऊ."

"आणि फ्लोरेन्स?" वृषालीनं विचारलं.

"आहे ना! पिसाहून रोमला जाताना वाटेतच लागतं. टेकडीवरून सगळं शहर दाखवतो, मग खाली चौकात एक तास मोकळा."

"आत?"

"आत म्हणजे?"

"संग्रहालयात. अर्धवट पुतळे आहेत तिथं."

समर्थनं संपतकडं बघितलं. "आत कुठं मॅडम! तिथं रांगा केवढ्या असतात. आणि अर्धवट कशाला बघायचे? चौकात आख्खा पुतळा उभाय की, फुकटात. नकली आहे, पण फोटोत कळत नाय."

वृषालीनं रंगीत कागद घडी करून बाजूला ठेवला. संपतला वाटलं वहिनी नाराज झाली, म्हणून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वैनी, आसं बघा. आपन घाटावं काय बोललो? इटली दाखवू म्हनलो. आत न्हेऊ आसं कुठं म्हनलोय? कावळ्यानं तेवढ्यावं मान्य केलंय ना!"

समर्थनं मान डोलवली. जमिनीच्या खरेदीखतात कुठलं कलम लिहिलंय आणि कुठलं नाही, हे बघावं, तसं ते दोघं बघत होते. आणि गंमत म्हणजे त्यांच्या हिशेबानं ते चुकतही नव्हते. शब्द पुरा होत होता, पैसे वाचत होते, चार माणसांची हौस फिटत होती. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं, तेवढी सोडून सगळ्यांचं भलं होत होतं.

"तर मग पासपोर्ट देता का मॅडम? आजच बुकिंग टाकतो. उद्या रेट वाढतील. आणि एकदा टाकलं की बदलता नाय येणार."

"चालेल," वृषाली म्हणाली आणि उठली.

पासपोर्ट आतल्या खोलीत कपाटात होता. तिनं तो फार पूर्वीच काढून ठेवला होता. सुदर्शन तेव्हा म्हणाला होता, "काढून ठेव की, त्यो काय भाकर मागतो?" तिनं कपाट उघडलं, साड्यांखालून पासपोर्ट काढला आणि वळली, तर दारात साळुबाई. हाताला लसणाचा वास, आणि चेहरा असा की आता ही म्हातारी कुणाला तरी फटकावणार.

"देनार तू त्याला?"

"हो. का आई?"

"एक तास. त्या चौकात उभी ऱ्हानार, संपतच्या बायकूचं फोटू काढनार आन परत येनार?"

"त्यांची इच्छा होती ना. शब्द दिलाय."

"कुनाची इच्छा?" साळुबाईंनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "सुदर्शनाची? आगं, नाशकाला लग्नाला गेला तर दुसऱ्या रातीला त्याला करमायचं न्हाई. त्याला कशाला पायजे इटली? तुझी व्हती ती. मला काय डोळं न्हाईत?"

वृषाली पलंगाच्या कडेला टेकली.

"घाटावं पानी प्यायच्या टायमाला म्याच संपतला सांगितलं, आसं आसं बोल म्हनून. दादाची ऱ्हायली म्हनून बोल, तिचं नाव काढू नको."

"तुम्ही सांगितलं?"

"मग काय करू? वैनीला इटली बघायचीय आसं तो माईकपुढं बोलला आस्ता, तर गाव हसलं आस्तं. नवरा जाऊन धा दिस न्हाई झालं आन हिला फिराया जायचंय, म्हनले आस्ते. म्हनून त्याच्या नावावं टाकली. आता कोन बोलंल? समदं गावच तुला ढकलाया लागलंय. फाट्यावं बोर्ड लागलाय तुझ्या जान्याचा!"

"आणि कावळा?" वृषालीनं कसंबसं विचारलं.

"आला की."

"भूक लागली असेल त्याला, आई. किती वेळ बसला होता."

"आसंल. पर माझ्यापुरतं मला कळलं, माझ्या पोराचा जीव कशात अडकला व्हता ते. त्याच्या सोताच्या कशात न्हवता." साळुबाईंचा आवाज तिथं फाटला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा खणखणीत बोलायला लागल्या. "हे बघ, मला कुनी कवा इचारलं न्हाई, बाई तुला काय पायजे. मीबी समद्याला बरं, बरं म्हनत गेले. आता सुदर्शन गेल्यापून राती झोप येत न्हाई तवा आठवाया बसते, आपल्याला काय पायजे व्हतं. काय तरी व्हतं बग नक्की. पर आठवतच न्हाई. तू चालंल म्हनतीस ना, ते ऐकलं का मला भ्या वाटतं."

ओसरीवरून संपतची हाक आली, "वैनी, सापडला का?"

वृषाली बाहेर आली. पासपोर्ट तिच्या हातात होता. समर्थनं हात पुढं केला, पण तिनं दिला नाही. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, म्हणून जे आलं ते बोलली.

"मी एकटी जाणार आहे. फक्त फ्लोरेन्सला. आठ दिवस."

"आँ? एकट्या?" संपत उठूनच उभा राहिला. "आवो वैनी, भाषा न्हाई, माणूस न्हाई वळखीचं. कुठं ऱ्हानार? काय खानार?"

तिनं सांगितलं. मठ, दाराची वेळ, रविवार, आगगाडी, चटणी. सगळं सांगितलं, न अडखळता. समर्थ आधी हसत होता, मग त्यानं कागद गोळा करायला घेतले. संपत बिचारा खुर्चीत बसून राहिला. त्याचं पॅरिस गेलं होतं आणि त्याला ते लपवताही येत नव्हतं.

"आन लोकं काय म्हनतील?" तो शेवटचं म्हणाला.

"काय म्हनत्यात?" आतून साळुबाई कडाडल्या. "लोकांनी घाटावं ऐकलंय, बोर्डावं वाचलंय. तुझं तूच लावलंयस ना रं? तुला पॅरिस बघायचं तर खुशाल जा, त्याला कावळा कशाला पायजे?"

समर्थ चहा न घेताच निघाला. संपत त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, "व्हिसाच्या ऑफिसात मी येतो संगं वैनी. तितं लई कागदं मागत्यात." खरंच, माणूस वाईट नव्हता.

वृषालीनं तिथंच ओसरीच्या कडेला बसून मोबाईल काढला. मठाची खोली निवडली, तारखा टाकल्या. खाली विचारलं होतं, किती माणसं. तिनं एक हा आकडा दाबला. आजवर शोधताना तिनं सवयीनं तिथं दोन दाबलेलं होतं, सुदर्शन गेल्यानंतरसुद्धा. त्या एकाकडं ती बघत राहिली. परक्या गावात रात्री खोलीचं दार आतून लावून आपण एकटीच असणार, आणि सकाळी कुणाला हाक मारायची नाही, हे तिला त्या क्षणी दिसलं. तो नाही. कुठंच नाही.

"आई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आई, मला भीती वाटतेय हो. लई भीती वाटतेय." आणि ती रडायला लागली, अशी की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

साळुबाई धावत आल्या, शेजारी बसल्या आणि सुनेचं डोकं त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "वाटू दे बाई. काय तरी वाटलं तुला."